डाव्या पायडलचा आटा

येरवड्यातल्या त्या गल्लीला शेवटी चढ आहे. तिथं रामदास सायकलच्या पायडलवर जोर देई आणि पायडल कट्ट करून वाजे. तो आवाज आला की त्याची पोरगी चैताली पुस्तकं गाद्यांच्या घडीत सारायची आणि तो दारात पोचेपर्यंत परातीपुढं बसलेली असायची.

रामदास मार्केट यार्डात हमाल. पहाटे जायचा, दुपारी यायचा, बहुतेकदा पिऊन. पोरीची बारावी झाली, तेवढं पुरे, असं त्यानं सांगून टाकलं होतं. बहिणीच्या मुलाला, संजयला, तिला द्यायचा शब्दही दिला होता. आता पोरगी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते हे त्याच्या बायकोला, प्रेमलाला तेवढं ठाऊक होतं.

मधे एकदा रामदास त्या कटकटीला वैतागला. नाक्यावरच्या सायकलवाल्या उत्तरेश्वरनं सायकल उलटी टाकली, पायडल हातानं फिरवून पाहिलं, धरून हलवून पाहिलं. आतले लोखंडी गोळ्यांचे छर्रे ठीक होते. उजवं पायडलच दांड्यात ढिलं झालं होतं. त्यानं ते काढून आट्याला ग्रीस लावलं आणि आवळून दिलं. त्या दुपारी रामदास आवाज न करता दारात आला. चैतालीच्या हातातलं पुस्तक त्यानं चुलीत घातलं आणि प्रेमलाचा हात असा पिरगाळला की आठवडाभर तिला धुणं पिळता येईना. ज्यांच्याकडे धुण्याभांड्याला जायची त्या बाईंना तिनं नळावर पडले म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडचे नळ फारच निसरडे दिसतात."

हात बरा झाल्यावर प्रेमलानं पाना आणला आणि नवरा झोपलेला असताना, दोन्हीकडे फिरवून बघत, उजवं पायडल किंचित ढिलं केलं. दुसऱ्या दिवशी चढावर कट्ट झालं. चैतालीनं आईकडे पाहिलं. मग पुस्तकं घडीत सारली.

मावशीकडे जाते म्हणून चैताली परीक्षा देऊन आली, तेव्हा प्रेमलाला आता त्या आवाजाची गरज उरली नाही. उलट भीती वाटू लागली. ढिल्या पायडलवर रोज जोर पडला की आटे झिजतात आणि एक दिवस पायडल निखळतं, असं उत्तरेश्वर गिऱ्हाइकांना सांगताना तिनं ऐकलं होतं. नवरा कसाही असला तरी त्याला पाडायचं तिच्या मनात कधीच नव्हतं. पायडल कसं आवळायचं, असं तिनं नाक्यावर विचारलं. उत्तरेश्वर दुसऱ्याच्या चाकातून मान वर न करता म्हणाला, घड्याळाच्या काट्यासारखं फिरवा, त्यात काय मोठं शास्त्र आहे.

तिनं उजवं आवळलं. मग हातात पाना होताच, म्हणून डावंही तसंच फिरवलं. आधी हलेना. तिनं अंगाचा भार टाकला तेव्हा सरकलं. ढिलंच होतं की, म्हणत तिनं आणखी थोडं फिरवलं.

तिसऱ्या दिवशी पुलाच्या उतारावर डावं पायडल निघालं. रामदास टेम्पोखाली गेला नाही एवढंच. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. सळई घातली, आणि ओझं उचलायचं कायमचं बंद झालं.

उत्तरेश्वर वाकडी सायकल घरी पोचवायला आला. खाटेजवळ उभं राहून त्यानं विचारलं, "डाव्याला हात कुणी लावला, वहिनी? त्याचा आटा उलटा असतो. उजवं जिकडे आवळतं, तिकडे ते सुटतं."

रामदास बायकोकडे बघू लागला.

"मी आवळलं," प्रेमला म्हणाली. "पडाल म्हणून."

 मग तो उत्तरेश्वरला म्हणाला, "काळजीपोटी गेली करायला. तिला काय माहीत उलटं-सुलटं." लग्नाला वीस वर्षं होत आली होती. इतक्या मऊ आवाजात तो तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होता. प्रेमलाला तिथं उभं राहवेना.

महिन्याभरानं निकाल लागला. चैतालीचं नाव यादीत होतं. तिनं मोरीपाशी आईच्या कानात सांगितलं, आणि आई बाबांना सांगेल म्हणून वाट बघत राहिली. रामदास आता दिवसभर घरातच खाटेवर असायचा. घरातलं एकेक पाऊल त्याला दिसायचं.

त्याच आठवड्यात संजयची आई आली. तुमच्या आजारपणात पोरीचं ओझं कशाला, आम्ही साखरपुड्यातच लग्न उरकून घेतो, म्हणाली. रामदासनं पहिल्यांदाच बायकोचं मत विचारलं. "तू सांग. तुझ्या मनाविरुद्ध नाही करायचं मला."

चैताली दाराशी उभी होती. प्रेमलानं बोलायला तोंड उघडलं. तिची नजर उशीवर ठेवलेल्या, सळई घातलेल्या त्या पायाकडे गेली.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.