रोलरमामांच्या दारावरचे ठिपके

रोलरमामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझा शेवटच जवळ आला होता, असं मी अजूनही मानतो. मी क्लबचा नवा सभासद. नवी रॅकेट, नवी अर्धी चड्डी, पोट तेवढं जुनं. मातीच्या कोर्टावर पहिलं पाऊल टाकलं आणि आभाळ फाटल्यासारखा आवाज आला, "थांबा!" झाडावरचे कावळे उडाले. पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा निमूटपणे खाली उतरून उभा राहिला. चारशे किलोचा लोखंडी रोलर बाजूला सोडून एक माणूस माझ्याकडे येत होता, आणि दोघांतलं वजनदार कोण हे मला ठरवता येईना. त्याने वाकून, नाल ठोकणारा घोड्याचा उचलतो तसा माझा पाय उचलला, बुटाचा तळ बारकाईने वाचला आणि म्हणाला, "हे डोंगर चढायचे बूट आहेत. इथे डोंगर नाही."

हे रोलरमामा. पुढची तीन वर्षं ते मला फक्त बुटांवरून ओळखत. एकदा भाजीबाजारात मी "काय मामा?" म्हटलं, तर त्यांनी माझ्या चपलांकडे बघून विचारलं, "आपण कोण?"

एकतीस वर्षं ते त्या एकाच कोर्टाची मशागत करत होते. पहाटे पाचला पाणी, मग चाळलेली माती, मग रोलर, शेवटी चुन्याच्या रेघा. एवढ्या काळात त्यांनी मान वर करून एकही सामना पूर्ण बघितला नव्हता. तरीही टेनिस त्यांच्याइतकं कळलेला माणूस मला भेटलेला नाही.

हे मला कळलं ते जजसाहेब आणि डॉक्टर यांच्या भांडणामुळे. जजसाहेब निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर दातांचे, वय बेचाळीस. कोर्टाशेजारच्या बाकावर दोघांचा एकच खटला वर्षानुवर्षं चालू होता: थोर कोण, तेव्हाचे की आत्ताचे?

"लाकडी रॅकेटचा जमाना होता तो! मनगट लागायचं, मनगट! तुमची आत्ताची पोरं दोन हातांनी सतरंजी झटकतात."

"साहेब, तुमच्या मनगटवाल्याला आजची एक सर्व्हिस लागली असती ना, तर तो थेट माझ्या खुर्चीत आला असता. चार दात हातात घेऊन."

"तोंड सांभाळा, डॉक्टर!"

"तोच तर माझा धंदा आहे."

एका संध्याकाळी मामांनी झारी खाली ठेवली. "दोघं या इकडे," म्हणाले. मीही मागोमाग गेलो. स्टोअरच्या खोलीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं, आणि दाराच्या आतल्या अंगाला आम्हाला अख्खं कोर्ट दिसलं. रंगाने काढलेलं, रेघारेघांसकट. त्यावर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी वर्ष. ज्या जागी त्या वर्षी सगळ्यात जास्त माती भरावी लागली, तिथे ठिपका.

"सुरुवातीला बघा, सगळे ठिपके नेटजवळ," मामा म्हणाले. "तेव्हा सर्व्हिस केली की जो तो पुढे धावायचा. मग हे मागच्या रेघेवर आले. मग रेघेच्याही मागे तीन पावलं. टीव्हीवर कोणीही जिंको, महिन्याभरात त्याचे पाय माझ्या कोर्टावर येतात. तुम्ही सगळे नकला करता ना!"

डॉक्टर खाली वाकून बघत राहिले. जजसाहेबांनी चष्मा पुसला. "मग मामा, यातला मोठा कोण?"

"मातीला कमी ओरबाडून जो जिंकला तो."

मी उत्साहात विचारलं, "आणि पुढे? ठिपके कुंपणाबाहेर जाणार?"

मामांनी बोट शेवटच्या, पाच वर्षांपूर्वीच्या ठिपक्यावरून पुढच्या मोकळ्या जागेवर सरकवलं. तिथे काहीच नव्हतं. "पुढे हे. खड्डाच पडत नाही, साहेब. कोणी येतच नाही."

टेनिसचं काय होणार यावर मी पुष्कळ पंडितांना तासन् तास बोलताना ऐकलंय. एवढं थोडक्यात कोणी सांगितलं नाही.

कमिटीलाही ते दिसलंच होतं. मातीचं कोर्ट काढून तिथे पिकलबॉल करायचा ठराव आला. छोटी बॅट, प्लास्टिकचा चेंडू, पोट असलं तरी चालतं. मामांची एकतीस वर्षं एका कागदावर आली. सेक्रेटरींनी एक सवलत दिली: महिनाअखेरच्या रविवारी कमिटी स्वतः येऊन बघेल, कोर्ट वापरात दिसलं तर राहील.

जजसाहेब आणि डॉक्टर आयुष्यात प्रथमच एका बाजूला आले. "रोज खेळायचं. खड्डे पडले पाहिजेत!" पहिले काही दिवस खेळण्यापेक्षा टाचा आपटणंच जास्त झालं. जजसाहेब नेटजवळ बुटाच्या टोकाने माती उकरत, डॉक्टर मागे घसरत. मी दोन्हीकडे नाचत होतो. मग कधीतरी जजसाहेबांचा एक फटका अलगद नेटपलीकडे पडला, डॉक्टर धावले, पोचले, परतवला, आणि दोघंही खड्डे विसरले. पंधरा वर्षांचा खटला खऱ्याखुऱ्या चेंडूने चालू झाला. एकाला पुढे पोचायला दम नव्हता, दुसऱ्याला मागे राहायला धीर नव्हता. दोन्ही जमाने नेट आणि मागच्या रेघेच्या मधल्या मध्ये, जिथे कधीच कोणी थांबू नये तिथे, धापा टाकत उभे. मी इतका हसलो की मला पाणी पाजावं लागलं. मामा मात्र टक लावून बघत होते, मान वर करून.

रविवारी कमिटी आली. कोर्ट आरशासारखं होतं. एक रेघ वाकडी नाही, एक ओरखडा नाही.

"इथे तर कोणाचं पाऊलही पडलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले.

जजसाहेब मामांकडे वळले. "मामा! काल संध्याकाळपर्यंत आम्ही इथे रक्त आटवलं! खड्डे कुठे गेले?"

"बुजवले."

"अहो, पण का?"

मामांना प्रश्नच कळला नाही. "खड्डे होते म्हणून."

मग मी कमिटीला खेचत स्टोअरमध्ये नेलं, दार दाखवलं. यंदाच्या वर्षाचा एकच ठिपका होता, नेट आणि मागची रेघ यांच्या बरोबर मधोमध, एकतीस वर्षांत जिथे कधी पडला नव्हता तिथे.

"एकच?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बाकीचे पाडलेले होते," मामा म्हणाले. "हा पडलेला."

ठराव सात विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. रोलर भंगारात गेला. दार नव्या स्टोअरला दोन इंच रुंद झालं म्हणून बसवलं नाही. मामा लेकीकडे राहायला गेले. जुन्या कोर्टावर आता पिकलबॉलची चार कोर्टं आहेत, सिमेंटची. जजसाहेब आणि डॉक्टर जोडीने खेळतात. मंगळवारी आणि गुरुवारी मीही जातो.