पाटीवरचा चौथा नंबर

आमच्या खानावळीच्या दारात एक पाटी आहे. ‘बेटावर आलात, आता काय काय कराल?’ असं तिच्यावर तीन भाषांत लिहिलंय आणि खाली दहा नंबर. ती मीच लिहिली. टुरिस्टांना कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर ती माणसं दिवसभर वाळूत पडून लाल होतात आणि चौघांत एक लिंबूपाणी पितात. पहिला नंबर गुहेचा. माझा नवरा स्त्रातिस त्यांना होडीतून नेतो आणि आत गेल्यावर इंजीन बंद करून, आवाज खाली आणून सांगतो, ‘इथे समुद्री चाचे राहायचे.’ चाचे कधी राहिले नाहीत. त्याच्या बापाची शेळी कड्यावरून पडून तिथे मेली, एवढाच त्या गुहेचा इतिहास. दुसरा नंबर गाढवावरून मठ. तिसरा सूर्यास्त, जो मी पंचवीस वर्षांत धड पाहिलेला नाही, कारण भांडी नेमकी तेव्हाच साचतात. आणि चौथा: ‘म्हाताऱ्या कोळ्याला ऑक्टोपस आपटताना पाहा. रोज दुपारी चार वाजता, धक्क्यावर.’

तो म्हातारा कोळी म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, इसिदोर.

चारच्या ठोक्याला तो यायचा. मी आणून दिलेला पट्ट्यापट्ट्यांचा बनियन घालायचा, पायात काही नाही. त्याचा खरा कोळ्याचा वेश म्हणजे भोकं पडलेला स्वेटर. तो फोटोत बरा दिसत नाही. मी परात पुढे करायची, तो ऑक्टोपस उचलून खडकावर आपटायचा आणि टुरिस्ट मोठ्याने मोजायचे. आमच्याकडे ऑक्टोपस चाळीस वेळा आपटतात, मग फेस येईस्तोवर दगडावर घासतात, तेव्हा कुठे तो दाताखाली मऊ लागतो. हे झालं ताज्याचं. आमचा ऑक्टोपस बर्फाच्या खोक्यातून आफ्रिकेहून यायचा, कारण आमच्या खाडीत आता टुरिस्टांच्या टाचांशिवाय काही पोहत नाही. दोन वाजता मी तो गरम पाण्यात सोडायची. एकच तीन दिवस पुरवायची, चौथ्या दिवशी रश्श्यात.

“फिलिओ, अगं हा आधीच लोणी झालाय,” तो म्हणायचा. “मेलेल्याला किती मारायचं?”

“चाळीस! एक कमी नको. चव कुणाला कळते, दादा? मोजता सगळ्यांना येतं.”

तो हसायचा. माझ्या प्रत्येक बोलण्याला तो हसायचा, हेच त्याचं चुकलं. मला लहानपणापासून वाटत आलं की माझी जीभ फार गोड आहे.

आमच्या बेटावर घर मुलीचं असतं. लग्नात ते तिच्यासोबत द्यावं लागतं, आणि बहिणी उजवल्याशिवाय भावाने बोहल्यावर चढायचं नाही. आम्ही तीन बहिणी, मी शेंडेफळ. बाप लवकर गेला. इसिदोरने ‘पेलागिया’ या आमच्या आईच्या नावाच्या होडीच्या कमाईवर एकामागून एक तीन घरं उभी केली. माझं धक्क्यावरचं, सगळ्यात शेवटचं. त्याचे दगड त्याने स्वतः पलीकडच्या खाडीतून होडीत भरून आणले. खालच्या भिंतीत अजून शिंपले सापडतात. मी लग्नाला उभी राहिले तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता. बेकरीवाल्याची असिमिना त्याच्यासाठी तिशी उलटेपर्यंत थांबली आणि मग एका दूरच्या नातेवाइकाशी लग्न करून मेलबर्नला गेली. माझ्याच लग्नाच्या पंगतीत मी त्याला म्हटलं होतं, “आता तू होडीशीच लग्न लाव, दादा. ती तरी कुठे पळत नाही.” पंगत खो-खो हसली. तोही हसला.

खानावळीमागची एक खोली त्याला दिली होती. दिली म्हणजे हिवाळ्यापुरती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती भाड्याने जायची आणि तो ‘पेलागिया’त झोपायचा. कुणी विचारलं तर मी सांगायची, “त्याला आवडतं, समुद्राच्या वाऱ्याशिवाय झोपच येत नाही त्याला.” त्याला काय आवडतं हे मी कधी विचारलं नव्हतं. सकाळी तो होडी धुवायचा, अंथरूण सुकवायचा, पाण्यात एक फेरी मारून यायचा. मासा मिळाला तर मिळाला.

मग वरून, सरकारची, योजना आली. मासेमारीचा परवाना परत करा, लाकडी होडी मोडा, पैसे घ्या. समुद्रात मासे कमी आणि कोळी जास्त, असं कुणाच्यातरी लक्षात आलं होतं. मला वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढायच्या होत्या, न्हाणीघरासकट. इसिदोरला तेव्हा सत्तरी लागली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. कागद मीच आणला, मीच वाचून दाखवला. परवान्याचा भाग सगळा वाचला. होडीच्या भागावर आले तेव्हा पान उलटलं.

“होडीला कुणी हात नाही ना लावणार?” त्याने विचारलं. तेवढंच विचारलं.

“छे रे! तिला दारात ठोकळ्यांवर ठेवू, आत माती भरून फुलझाडं लावू. टुरिस्ट फोटो काढतील. तू उन्हाळ्यात तिथेच झोप.”

“फुलांत झोपू?”

“मग काय! मेल्यासारखा.”

तो हसला आणि त्याने सही केली.

अधिकाऱ्याचा निरोप जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मोडताना घरच्या कुणीतरी हजर राहायचं, फोटो घ्यायचे, असा नियम होता. मी इसिदोरला सकाळच्या बसने वरच्या गावात पाठवलं. “दारात ठेवायच्या आधी एक हात रंग देऊ. दोन डबे निळा आण, आणि जेवूनच ये,” असं सांगितलं. जेवणाचे पैसेही हातावर ठेवले. संध्याकाळी गोडीगुलाबीने सांगू, चार दिवस रुसेल, मग येईल, असा माझा हिशोब. भाऊ कुठे जातो?

दहाच्या सुमाराला दातेरी पंजाचं पिवळं यंत्र किनाऱ्यावर उतरलं. टुरिस्टांची ही गर्दी! मी थंड कॉफीचे पेले भरून भरून दमले. पंजा पहिल्यांदा पडला तेव्हा फळ्या मोडल्या नाहीत, नुसती कण्हल्यासारखी करकर झाली. जुनं लाकूड, आजोबांच्या हातचं. दुसऱ्यांदा पुढची निमुळती नाळ फुटली. एका बाईने मला पाटी दाखवत विचारलं, “हे कितव्या नंबरवर आहे?” आणि मी म्हटलं, “हे आज फुकट.”

इसिदोर जेवला नव्हता. आधीच्याच बसने परत आला. दोन्ही हातांत रंगाचे डबे घेऊन तो वाळूतून चालत आला, तोपर्यंत होडीचा मागचा अर्धा भाग उरला होता. तो ओरडला नाही. डबे खाली ठेवले आणि अधिकाऱ्याला म्हणाला, “सही कुणाची आहे?”

अधिकाऱ्याने कागद दाखवला. त्याने तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. आपली सही ओळखू आली त्याला.

“वाचून तू दाखवलं होतंस,” तो मला म्हणाला.

आता इथे रडायला हवं होतं, पाय धरायला हवे होते. पण सगळं गाव बघत होतं, आणि माणूस खोटं पडलं की त्याला आधी राग येतो. मला तरी येतो. मी म्हटलं, “लाकूडच होतं की! तुझी काय बायको मेली?”

मग डबे तिथेच सोडून तो चढणीच्या रस्त्याला लागला. वर मारिगो मावशीचं रिकामं कोठार आहे, तिथे जाऊन राहिला.

मारिगो मावशी म्हणजे आमच्या गावाचं शेवटचं स्वयंपाकघर. घरात कुणी गेलं की चाळीसाव्या दिवशी गहू शिजवतात. त्यात डाळिंबाचे दाणे, मनुका, अक्रोड घालून ताटात ढीग रचतात, वरून पिठीसाखर थापतात आणि त्यावर चंदेरी साखरबदामांनी गेलेल्याचं नाव लिहितात. दारी येईल त्याला मूठभर द्यायचं, त्याने खायचं आणि म्हणायचं, ‘देव त्याला क्षमा करो.’ ते गहू कुणी नाकारत नाही. हाडवैरीसुद्धा नाही. गावातल्या सगळ्या मेलेल्यांचे गहू मावशीच शिजवते.

इसिदोरने दाढी वाढवली. आमच्याकडे घरचं माणूस गेलं की पुरुष चाळीस दिवस दाढीला वस्तरा लावत नाहीत. गाव हसायला लागलं, “इसिदोर होडीचं सुतक पाळतोय!” सगळ्यांत मोठ्याने मी हसले. टुरिस्ट चौथ्या नंबरचं विचारायचे, मी सांगायची, आजारी आहे. मधे स्त्रातिसला बनियन घालून उभं केलं, तर त्याचा ऑक्टोपस हातातून सुटून एका डच बाईच्या मांडीवर पडला. मी रोज दोन वाजता परात तयार ठेवायची. येईल, आज येईल. रात्री भिंतीतले शिंपले हाताला लागले की जीव कासावीस व्हायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही. वर जाऊन त्याच्या दारात बसावं असं तीनदा मनात आलं. तिन्ही वेळा गर्दीचं कारण पुढे केलं.

ऑगस्टात, ऐन हंगामात, चार वाजता धक्क्यावर टाळ्या पडल्या. मी स्वयंपाकघरात होते. स्त्रातिस आत डोकावून म्हणाला, “आला बघ तुझा चौथा नंबर. दाढी करून, सूट घालून.”

मी परात उचलली, ऑक्टोपससकट, आणि बाहेर धावले. ओठावर बोलणंसुद्धा तयार होतं: ‘काय रे, ऑक्टोपसचं लग्न आहे का आज?’

तो खडकावर नव्हता. माझ्याच खानावळीच्या पहिल्या टेबलावर त्याने भलं मोठं ताट ठेवलं होतं आणि कडेकडेने चमचा घालत तो टुरिस्टांच्या ओंजळीत गहू वाढत होता. मागे काळ्या कपड्यांत मारिगो मावशी. टुरिस्ट खात होते, वाहवा करत होते, फोटो काढत होते. आणि तो प्रत्येकाला हळूहळू, तोडून तोडून एक वाक्य शिकवत होता. लहान मुलाला शिकवावं तसं. सगळे एका सुरात, हसत, वेड्यावाकड्या उच्चारात म्हणत होते:

“देव तिला क्षमा करो!”

मला वाटलं, होडीचं. आमच्यात होडीही बाईच असते. मी मान उंचावून ताटात पाहिलं. कडा संपल्या होत्या, मधला भाग शाबूत होता. पांढऱ्या साखरेवर चंदेरी बदामांनी ठळक लिहिलं होतं: फिलिओ.

मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्या बाळंतपणाला होती. तिचं एक अक्षरसुद्धा वाकडं गेलं नव्हतं.

“दादा,” मी म्हटलं.

त्याने पुढच्या जर्मनाला वाढलं. स्त्रातिसने हात पुढे केला, गहू नाकारत नाहीत म्हणून, तोंडात टाकले आणि सवयीने पुटपुटला, “देव तिला क्षमा करो.” मग त्याचं लक्ष नावाकडे गेलं आणि घास तसाच गालात राहिला.

मी परात खाली ठेवली आणि ओंजळ धरली. “दादा, मला वाढ. चुकलं माझं. मला वाढ ना रे.”

चमचा माझ्या ओंजळीवरून गेला आणि मागच्या पोरीच्या हातात रिकामा झाला. त्याच्या नजरेत राग असता तर मी त्याच्याशी भांडले असते. ती नजर माझ्यातून थेट समुद्राकडे गेली, मधे काही नसल्यासारखी. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्याने चमचा पुसला, मावशीला हात दिला आणि दोघं चढणीला लागली.

एका बाईने विचारलं, हा पदार्थ पाटीवर का नाही, इतका छान तर आहे.

उरलेलं ताट मी आत नेलं आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मीच संपवलं, माझ्या नावाच्या बदामांसकट. कुणी वाढलं नव्हतं. खाल्ल्यावर म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं.