अंगावरची रुई

सुमे, मी दर्यापूर सोडलं त्या सकाळी तू एस.टी.च्या खिडकीशी उभी होतीस आणि बाबा वीस पावलं लांब, बाभळीखाली. कापसाचा हंगाम संपला होता, पण बाबा कामाला होते त्या, कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या जिनाचं गोदाम झाडायचं काम चालू होतं. ते तिथूनच आले होते. "पोरगा चालला, जवळ तं या," माय म्हणाली. "अंगाले रुई हाय," बाबा म्हणाले. "रस्त्यात दमा लागला तं काय करन थो?" तिथूनच त्यांनी हात वर केला.

महिनाभर घरात माझ्या दम्याचीच तयारी चालली होती. कापसाची गादी नको म्हणून मायनं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली. गोळ्या तू तपकिरीच्या डबीत भरल्यास. श्वास कोंडला की उशी मांडीवर घेऊन कसं वाकायचं, ते बाबांनी स्वतः बसून दाखवलं. "लाजू नको बापू. कोनाले तरी सांगून ठेव."

अमरावतीच्या होस्टेलात मी कुणालाच सांगितलं नाही. दम लागला की संडासात जाऊन बसायचो.

थंडीत बाबा अचानक आले. आखूड धोतर, हातात तिळाच्या लाडवांचा डबा. व्हरांड्यात आम्ही पाचसहा जण होतो. एकानं विचारलं, "कोन आला बे? तुमचा गडी काय?" मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. फाटकाकडे धावलो आणि सांगितलं, "बाबा, लांबच थांबा. तुमच्या कपड्यातली रुई मले सोसत नाही."

कपडे धुतलेले होते, सुमे. केस अजून ओले होते. त्यांनी बाह्या उलटसुलट पाहिल्या, उपरणं झटकलं. "आंघोळ करून आलो होतो रे. राहिली असन कुठी." डबा फाटकाशी जमिनीवर ठेवला आणि ते मागं सरकले. माझा श्वास त्या वेळी अगदी मोकळा होता.

पुन्हा ते कधी आले नाहीत. माझ्या दम्यापायी त्यांनी पोराला भेटायची हौस मारली, असं तू अजून सांगतेस. मी ऐकून घेत आलो.

ते गेले तेव्हा तू सासरी परतल्यावर मायनं खुंटीवरची पिशवी काढून मला दिली. आत धोतर, सदरा, उपरणं. "जिनात कदी घालून गेले नाही. बापूकडे जायाचे कपडे होय हे."

आता अकोल्यात माझं स्वतःचं घर आहे. तरी गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी दर्यापूर सांगतो, आणि डोळ्यांपुढं येते ती बाभळीपर्यंतची वीस पावलं. ती पिशवी माझ्या कपाटात आहे. कधीतरी सदरा काढून खिडकीच्या उजेडात धरतो. बाह्या उलटून पाहतो, शिवणी पाहतो. कापसाचा एक तंतू सापडत नाही.