देवाच्या पाठीमागून गेलेली रेघ

मी वर्ध्याला एका संस्थेत नकाशे करतो. उपग्रहाचं चित्र घ्यायचं आणि त्यावर गावाची हद्द, झरे, चराई, मोहाची झाडं, सगळं संगणकावर मांडायचं. वीस गावांचं काम उरकलं आणि डोक्यात हवा गेली. ती शकुबाई उईकेनं काढली.

तळेगावच्या पुढं डोंगराला टेकलेलं तिचं गोंडांचं गाव. वय पंचावन्नच्या आसपास, शाळा दुसरीपर्यंत, सारा जन्म मोह वेचण्यात आणि तेंदूपत्ता तोडण्यात गेलेला. गावाला जंगलावर सामूहिक हक्काचा दावा टाकायचा होता. त्यासाठी कोणीतरी फोन हातात धरून पूर्ण हद्द चालायची. पाय जातील तशी फोनवर रेघ उमटते. आधी दोघा बाप्यांना फोन दिला. त्यांनी दुपारपर्यंत बॅटरी संपवली, रेघ वीतभर आणि फोटो शंभर. शकुबाईनं फोन हिसकून घेतला.

"द्या इकडं. तुमच्यानं काईच होत नाई."

चार दिवस काट्याकुट्यातून चालली बाई.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी नकाशा समाजमंदिराच्या भिंतीवर दाखवला. लोक खूश झाले. शकुबाई मात्र उठून भिंतीपाशी गेली.

"भाऊ, आमचा पेन कुठं हाय?"

पेन म्हणजे त्यांचा देव. गावाच्या उत्तर टोकाला साजाच्या झाडांची राई आहे, तिच्यात तो बसतो. नेमकी तिथंच रेघ आत वळली होती आणि राई बाहेर राहिली होती. पलीकडच्या टेकडीवर गिट्टीच्या खदानीसाठी मोजणी झालेली. हाच नकाशा दाव्याला लागला असता, तर देवाची राई खदानीच्या बाजूला गेली असती.

"अहो मावशी, बाहेरून जायचं सोडून आतून काऊन आल्या?" मी वैतागलोच.

"देवाच्या मांगून कोणी जात नाई, भाऊ. समोरूनच जा लागते."

त्यांचा म्हातारा भुमका, म्हणजे पुजारी, तानबा कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "जो गाव कायमचं सोडते, तोच मांगून जाते. त्यानं देवाले सोडलं, देवानं त्याले."

मी कपाळाला हात लावला. देवाची पाठ कुठं आणि तोंड कुठं, हे माझ्या संगणकाला कोण सांगणार! म्हटलं, माऊसनं रेघ बाहेरून ओढतो, दोन मिनिटांचं काम.

शकुबाई भडकली. "वा रे वा! चाललो तेवढीच रेघ, असं मी शेजारच्या गावाच्या सभेत बोलली, म्हणून ते आपल्या हद्दीले राजी झाले. आता घरी बसून खोटी रेघ ओढू? उद्या त्यायनं ओढली तं?"

बिनतोड होतं तिचं. मला लाज वाटली. कोणीतरी माझ्याकडं बोट दाखवून म्हणालं, कैलासभाऊलेच धाडा, त्याले कुठं आपला देव लागते? मी उठलोही. तानबानं हात आडवा केला.

"हद्द आपली अन् पाय दुसऱ्याचे?"

शेवटी शकुबाईनं फोन मागितला. "मीच जाते."

"शकू, मांगं पाय टाकला का गाव सुटलं समज," तानबा म्हणाला. तो धमकावत नव्हता, कळवळून सांगत होता.

लग्न होऊन ती या गावात आली त्याला पस्तीस वर्षं झाली. नवऱ्याची मातीही इथंच. तरी तिनं फोन घेतला.

आम्ही सारे राईसमोर उभे राहिलो. तिनं चपला काढल्या, रेघ सुरू केली आणि ती झाडांच्या मागं गेली. तानबानं तोंड फिरवलं. पाचोळा वाजत होता, तेवढाच काय तो आवाज. मग ती झाडांमागून मोठ्यानं बोलताना ऐकू आली. आमच्याशी नव्हे, देवाशी.

"बापा, सोडून नाई चालली मी. तुले बाहेर ठिऊन गेलती, आता आत घ्याले आली."

ती पलीकडून बाहेर आली आणि तिथंच थांबली. पुढं यावं की नाही, तिला कळेना. तानबा काठी टेकत तिच्यापर्यंत गेला.

"चाल शकू," तो म्हणाला, "गावात."