काउन्सेलिंगच्या डेमो क्लासमध्ये

गेल्या रविवारी गोंदियात काउन्सेलिंग कोर्सच्या डेमो क्लासला गेले होते.

मी देवरीला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका आहे. मुली मन मोकळं करायला येतात, आणि नेमकं काय बोलावं ते मला सुचत नाही. 'झटपट सर्टिफाइड काउन्सेलर व्हा' अशी जाहिरात दिसली आणि मी बस पकडली.

हॉल गच्च भरलेला. ट्रेनर सर म्हणाले, "कोई अपना दर्द शेअर करेगा? लाइव्ह हीलिंग करके दिखाता हूँ." माझ्या शेजारच्या वंदनाताई उठल्या. चिचगडकडच्या अंगणवाडी सेविका, ओळख त्या हॉलमध्येच झालेली.

गेल्या वर्षी वारलेल्या लेकीबद्दल त्या बोलायला लागल्या... आणि थांबताच येईना. श्वास अडकायला लागला. सर म्हणे, "रोने दो, यही हीलिंग है." त्यांचा असिस्टंट समोरून मोबाइलवर शूटिंग करत होता.

कोणीच हलेना. ताई खुर्चीवरून घसरायला लागल्या तशी मी उठले, त्यांना धरून बाहेर पायऱ्यांवर आणलं, पाणी दिलं.

पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "मी कायले बोलली जी सगळ्याईसमोर? आता तो व्हिडिओ लोकं पायतीन..."

मी परत आत गेले. "सर, आधी तो व्हिडिओ डिलीट करा." सर म्हणाले, नंतर बघू. मी तिथून हललेच नाही... शेवटी असिस्टंटनं माझ्यासमोर तो काढून टाकला.

मग विचारलं, कोर्सला मान्यता कोणाची? "इंटरनॅशनल है मॅडम, सर्टिफिकेट पे होलोग्राम भी है." आणि समोरचा माणूस असा कोसळला तर काय करायचं, हे कोण शिकवणार? सर हसले. "वो अपने आप आ जाता है."

मी बॅग उचलली.

परतीच्या बसमध्ये, वाटेत कोहमारा आलं तेव्हा ताई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुमीच बोला न माह्याशी, मॅडम." मी खरं ते सांगितलं. "मला अजून येत नाही, ताई. जिल्हा रुग्णालयात शिकलेल्या काउन्सेलर आहेत. मी येते सोबत."

या आठवड्यात एका विद्यापीठात स्वतः फोन करून तिथल्या काउन्सेलिंग कोर्सच्या मान्यतेची खात्री केली आणि तिथे प्रवेश घेतला. वेळ लागेल, नागपूरला जावं लागेल. पण तिथे अनुभवी काउन्सेलरच्या देखरेखीखाली प्रॅक्टिकल आहे, आमचं चुकलं तर सांगणारं कोणीतरी असेल.

काल ताईंना घेऊन रुग्णालयात गेले. तिथल्या काउन्सेलर मॅडमनी आधी मला बाहेर थांबायला सांगितलं. मग दारातच ताईंना म्हणाल्या, "जेवढं बोलावंसं वाटेल तेवढंच बोला. नको वाटलं की थांबू."

ताईंनी माझा हात सोडला आणि दार आतून लागलं. बाहेर बाकावर बसून मी मनातल्या मनात त्या मॅडमचे आभार मानले... मला नेमकं हेच शिकायचंय.