धोंड्याचं ताट आणि गाडीचा हप्ता

बँकेतल्या तरुण साहेबानं स्क्रीन आमच्याकडे फिरवली, तेव्हा आमचे मालक खुर्चीत सरसावून बसले. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. त्यात मालकी किती आणि सवय किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आयुष्यात कधी एक रुपया कर्ज न घेतलेला माणूस, त्यांना वाटलं आता आपलं कौतुक होणार. साहेबानं घसा खाकरला.

"काका, तुमचा स्कोर लई खाली हाय."

"खाली कसा? आमी कर्जच घेतलं न्हाई कधी."

"घेतलं न्हाई, पण तुमी जामीन हायत. पिकअप गाडीच्या कर्जाला. त्याचे हप्ते थकलेत."

मी मालकांकडे पाहिलं. मालक पंख्याकडे बघायला लागले.

"अहो, कुणाला जामीन राहिलात?"

"तुझ्याच भावाला," त्यांनी पंख्याला सांगितलं.

नाटकात अशा जागी पडदा पडतो. बँकेत पडदा नसतो, मागं रांग असते. त्या रांगेनं अगदी मन लावून ऐकलं आणि एक म्हातारी समाधानानं "अगं बया!" म्हणाली.

इकडं माझा जीव टांगणीला लागलेला. युसूफ वडगावच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, लेस. आंब्याच्या कोयीचा रंग म्हटलं तरी मी डोळे मिटून थप्पीतून कापड ओढते. पण गाळा भाड्याचा. गाळ्याचे म्हातारे धनी तो विकून मुलाकडे पुण्याला निघालेले. ते म्हणाले, "बाई, पहिला हक्क तुमचा. नागपंचमीपर्यंत थांबतो. मग मोबाईलवाला तयारच हाय." माझ्या लेसच्या गुंडाळ्यांच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली मला स्वप्नात दिसायला लागली.

मालकांचा मंडप-भांड्यांचा धंदा. दोघांची कमाई धरली तर कर्ज बसत होतं. घरात पैसा कायम एकच होता, तुझा-माझा असा नव्हताच. फक्त तो एकच पैसा सगळा त्यांच्या खात्यात जायचा. माझ्या गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोडसुद्धा त्यांचा. म्हणजे त्यांचं नाव भरलेलं पण डागाळलेलं, आणि माझं नाव स्वच्छ पण रिकामं. वरण आहे तर मीठ नाही आणि मीठ आहे तर वरण नाही, असला संसार.

आता ही जामीनकी झाली कशी, ते ऐका. माझं माहेर चकलांब्याचं. अधिक महिना, म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना, आला की लेक-जावयाला जेवायला बोलवतात. जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचे पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून वाढायचे, अनारसे द्यायचे, ऐपत असेल तर चांदी द्यायची. मागच्या धोंड्याला माझ्या धाकट्या भावानं ताटाशेजारी कागद ठेवला होता. "दाजी, जेवता जेवता एक सही." मालकांनी पुरणाची बोटं चाटली आणि सही केली. तोंडात धोंडा असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मी तेव्हा स्वयंपाकघरात भावजयीशी गप्पा मारत होते.

यंदा पुन्हा अधिक महिना आला आणि बँकेतल्या त्या प्रसंगानंतर आठवड्यातच भावाचा फोन आला. "अक्का, धोंडं खायला या. दाजीला यंदा चांदीचं ताट हाय."

चांदीचं ताट! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: चांदीला पैसा आहे, म्हणजे हप्त्यालाही आहे. बीडच्या स्टँडवर गाडी बदलली आणि खिडकीची जागा मिळताच मी मालकांना त्यांची भूमिका समजावली.

"तिथं गेल्यावर जेवायचं न्हाई. रुसायचं."

"मी? रुसू?"

"जावई रुसला की सगळं घर हलतं. भाऊ विचारील, दाजी काय झालं? तुमी फक्त म्हणायचं, हप्ता."

"अन् नुसतं तूप तरी...?"

"तूप बी न्हाई."

चकलांबा येईपर्यंत मी त्यांच्याकडून तोंड पाडण्याचा सराव करून घेतला. खोटं कशाला बोलू, तालमीत ते उत्तम करत होते. कंडक्टरनं तर विचारलं, "काका, दवाखान्यात चाललाव का?"

भावानं पाय धुतले, टॉवेलनं पुसले, टिळा लावला. नवंकोरं चांदीचं ताट पाटासमोर आलं. त्यात धोंडे, त्यावर तुपाची धार. भाऊ हात जोडून म्हणाला, "घ्या नारायणा." मी दारातून डोळ्यांनी खूण केली. मालकांनी मान खाली घातली, चेहरा पाडला, एक सुस्कारा सोडला. मी मनात टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी आत श्वास घेतला आणि तिथंच घात झाला. वेलदोड्याचा वास नाकात गेला. हात आपोआप उठला आणि अर्धा धोंडा तोंडात.

"कसा झालाय दाजी?"

"लई भारी," आमचा रुसलेला नारायण म्हणाला.

मग काय, प्रमुख नटानं माती खाल्ली की दुसऱ्यानं रंगमंचावर उतरायचं असतं. माझं ताट आलं, ते मी हातभर पुढं सरकवलं.

"अक्का, काय झालं? साडी आवडली न्हाई का?"

"साडी चांगली हाय. जेवायची न्हाई मी."

"कावून पण?"

"ह्या नारायणाचे पाय धुतलेस ना? मग बँकेत ह्याच नारायणाचं तोंड कावून काळं केलंस?"

भावाला कळेना. मग मी स्कोर, गाळा, नागपंचमी, मोबाईलची कव्हरं, सगळं सांगितलं. तो खरंच चकित झाला.

"अक्का, हप्ता देतोच की मी. दोन-चार मागं-पुढं होत्यात. हप्ता काय पळून जातोय व्हय? पण दाजीच्या मानात कधी कमी केलं का मी? मागच्या दिवाळीला चांदीचा तांब्या दिला, आज ताट."

"त्या ताटाच्या पैशात हप्ते फिटले असते."

"हप्ता कुणाला दिसतो, अक्का? ताट गावाला दिसतं."

तो लबाडी करत नव्हता. त्यानं जावयाचा मान त्याला ठाऊक होता तसाच ठेवला होता.

तेवढ्यात भावजय पळी घेऊन बाहेर आली. "वन्सं, मी हेच म्हणत होते. सराफाकडं जायच्या आधी बँकेत जा, तर म्हणतेत, धोंड्याला रिकाम्या हातानं बोलवू का?" आणि पळी नवऱ्यावर रोखून म्हणाली, "आता ऐका बहिणीचं. माझं तर ऐकलंच न्हाई."

"दिलेलं वाण परत घेत न्हाईत," भाऊ पुटपुटला.

तिसरा धोंडा खात असलेले मालक तेव्हा शांतपणे म्हणाले, "वाण कुठं परत करायचं? मला ताटाच्या बदल्यात बँकेची पावती वाढा. मान तेवढाच हाय."

 रुसायला जमलं नाही ते नाही, पण संवाद कुठून काढला!  भाऊ उठला आणि म्हणाला, "ताट घासून द्या गं, सराफ खरकटं घेणार न्हाई." त्यावर मी जेवले. पाच धोंडे.

त्यानं थकलेलं सगळं भरलं. पण साहेब म्हणाला, "काकू, डाग धुतला तरी कापड वाळायला वेळ लागतो. काकांचा स्कोर हळूहळू वर येईल. नागपंचमीला जमायचं न्हाई." त्याच्या हिशेबानं कर्ज माझ्या एकटीच्या नावावर, थोडं कमी मिळणार होतं. बचत गटाचं माझं जुनं खातं आणि दुकानाची माझी इन्कमटॅक्सची रिटर्नं कामी आली. उरलेल्या रकमेसाठी मालकांनी त्यांचा सगळ्यात मोठा शामियाना आणि दोन कढया विकल्या आणि पैसे माझ्या खात्यात भरले.

"अहो, तुमचा पैसा आन कागदावर तुमचं नावच न्हाई," मी म्हटलं. मला ते बोचत होतं.

"मंडपवाल्याला काय त्याचं? आमचा मंडप कायम दुसऱ्याच्याच अंगणात."

नागपंचमीच्या दोन दिवस आधी गाळा झाला. गल्ल्यावरचा स्वतःचा क्यूआर मालकांनी नखानं खरवडून काढला आणि माझा चिकटवला. आता घरखर्च माझ्या खात्यातून होतो आणि त्यांच्या धंद्याचा पैसा तेवढा त्यांच्या खात्यात राहतो, म्हणजे साहेबाला तो दिसतो. चहाच्या टपरीवर दोस्त छळतात, "काय बे, मालकिणीनं पगार सोडला का?" मालक म्हणतात, "सोडला की. तू चहा सांग, मी बिस्कीट सांगतो."

आणि दर महिन्याला, दुपारी गर्दी नसते तेव्हा, ते दुकानाच्या पायरीवर बसून मोबाईलवर स्कोर बघतात. परवा एक बाई जांभळं अस्तर घेत होती, तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "वाढला गं, वाढला!"

बाई दचकली. "कशाचा निकाल लागला, ताई?"

"आमच्या मालकांचा."

"अगं बाई! झाले का पास?"

"अजून न्हाई," मी अस्तर मोजत म्हटलं, "पण पोरगं अभ्यासाला बसलंय."