डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला

मी पत्रकांवर वाढले. नाशिकच्या आमच्या वसाहतीत सभा ठरली की बाबा मजकूर लिहायचे आणि झेरॉक्सच्या दुकानातून आलेले गरम गठ्ठे आम्ही ओट्यावर बसून दुमडायचो. 'सक्षम' हा त्यांचा लाडका शब्द. सक्षम स्त्री, सक्षम समाज. सरकारी कागदात तो अधिकाऱ्याला लागतो, लग्नाच्या बोलणीत मुलाच्या पगाराला. भाषणांत मीही तो ठणकावून वापरत आले.

गेल्या वर्षी आत्या विसरू लागली. ती बाबांची थोरली बहीण, महापालिकेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नाही. तिच्या पुढच्या खोलीत वसाहतीतल्या मुली अभ्यासाला यायच्या, कारण त्यांच्या घरी वही उघडायलाही जागा नव्हती. आपल्या माघारी घर महिला मंडळाकडे जावं आणि तिथं अभ्यासिकाच राहावी, असं मृत्युपत्र तिला करायचं होतं.

"अक्का आता सक्षम नाही," बाबा म्हणाले. "परवा पिठल्यात साखर घातली तिनं."

"मग तुमच्या पत्रकातली सक्षम स्त्री कुठं गेली?" मी भडकले.

"पत्रक वेगळं, कोर्ट वेगळं. उद्या कुणी म्हणालं, म्हातारीला फसवलं, तर?"

"म्हणणारे तुम्ही एकटेच आहात, बाबा!"

शेवटी वकिलांनी सुचवलं, डॉक्टरांचा दाखला घ्या, त्यांच्यासमोरच सही करा. म्हणून वकिलांनी लिहून दिलेलं मृत्युपत्र घेऊन आम्ही तिघं गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर नाही म्हणाले असते, तर मृत्युपत्र तिथंच संपलं असतं.

"आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार." बुधवार होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मग डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. फळ्यावर आयुष्यभर सुबक वर्तुळं काढणाऱ्या आत्यानं सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीनं बसवले. कागदाकडे पाहत ती म्हणाली, "चुकलंय. कुठं ते सापडत नाही, पण चुकलंय. म्हणून तर घाई करतेय, डॉक्टर. आज मला कळतंय की मी विसरते. ज्या दिवशी हेही कळणार नाही, त्या दिवशी माझी सही घेऊ नका."

स्वतःची बुद्धी ओसरताना कुणी तिच्याकडे इतकं सरळ पाहू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या एकाही भाषणात एवढं धैर्य नव्हतं.

डॉक्टरांनी घड्याळ बाजूला ठेवलं. "तुमच्या मालकीचं काय आहे?"

"दोन खोल्या. मागं मोरी, पुढं शेवग्याचं झाड."

"वारस कोण?"

"हा एकटा भाऊ. बाहेर बसतो का रे? नाही? बस मग, ऐक. वाईट नाही तो. पण त्याच्या हाती गेलं की खोल्या भाड्यानं जातील आणि मुली पुन्हा जिन्यात बसून वाचतील."

बाबा काहीतरी बोलायला गेले. डॉक्टरांनी हातानंच थांबवलं. "वार चुकला तरी चालतं. आपलं काय आहे, कुणाला देतोय, कुणाला देत नाही आणि का, हे कळलं की मृत्युपत्राला पुरतं. आजींना कळतंय." आणि त्यांनी दाखला लिहायला घेतला.

इतकी वर्षं मी 'सक्षम' या शब्दाला बळाचा, पदाचा, डिग्रीचा अर्थ लावत होते. आत्या समोर बसली होती आणि त्या खोलीत तिच्याएवढं सक्षम मला कुणी दिसत नव्हतं.

आत्यानं अक्षर न् अक्षर सांभाळत सही केली. साक्षीदार दोन हवे होते. एक डॉक्टर. दुसऱ्या जागेसाठी मी पेन उचललं, तेवढ्यात बाबा पुढं झाले.

"मी करतो."

"वाचलंस का?" आत्यानं कागदावर हात ठेवला. "न वाचता सही करायची नाही."

"अक्का, ठाऊक आहे मला काय लिहिलंय."

"वाच."

बाबांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून ते हळू वाचू लागले. खोल्यांच्या ओळीपाशी थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. पान संपल्यावर त्यांनी माझ्यापुढं हात केला आणि मी पेन त्यांच्या हातात दिलं.